कापगते गुरुजी आणि बुंदीचा फोटो

कापगते गुरुजी पहिल्यांदा आमच्या वर्गात आले तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं. पांढरा पायजमा, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन आणि दाराशी चपला काढून त्या भिंतीकडे सरकवण्याची ती पद्धत. असा माणूस आत आला की आमच्याकडच्या पोरांचे गुडघे आपोआप सरळ होतात. आम्हाला वाटलं, कोणाच्या तरी घरून तक्रार आली. पण गुरुजींनी हात जोडले, "बसा, बसा. मी बी शिकालेच आलो," म्हणाले आणि पहिल्या बाकावर, अगदी फळ्यासमोर जाऊन बसले.

तो वर्ग म्हणजे लाखनीत हायवेला लागून असलेल्या टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून मोठा ट्रक गेला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि सर बोलणं थांबवून तो जाईपर्यंत वाट पाहायचे. फोटोग्राफीचा वर्षभराचा कोर्स होता. सर नागपूरहून यायचे. आम्ही सगळे विशीतले, बहुतेकांना लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. मलाही तेच करायचं होतं आणि आज मी तेच करते. गुरुजी एकटेच साठी ओलांडलेले. आयुष्यभर खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये शिकवून निवृत्त झालेले. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलानं त्यांना कॅमेरा घेऊन दिला होता.

"कपाटात ठेवला असता तर बुरशी लागली असती," ते म्हणायचे. "कॅमेऱ्याले बी, अन् मले बी."

सर त्यांच्या मुलाच्या वयाचे. तरी सरांनी प्रश्न विचारला की गुरुजी उठून, हात बाजूला सरळ ठेवून उत्तर द्यायचे. सर ओशाळायचे. "गुरुजी, बसून बोला ना."

"नाही, सर. बसून देलं तर ते उत्तर नाही, त्या गप्पा होतात."

दर आठवड्याला सर एक विषय द्यायचे आणि त्यावर फोटो काढून आणायचे असत. गुरुजींसाठी ते गृहपाठच होते, आणि गृहपाठ चुकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. 'सावली' हा विषय आला तेव्हा त्यांनी काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, ऐन मे महिन्यात अंगणात उभं केलं. सावली हवी तशी पडेना. काकू वैतागून घरात निघून गेल्या आणि गुरुजींच्या फोटोत रिकामं अंगण तेवढं आलं. कोपऱ्यातून पळ काढणारी काकूंची सावली अर्धवट दिसत होती. सरांना तोच फोटो सगळ्यांत आवडला. गुरुजी म्हणाले, "सर, हा माहा फोटो नाही. हा तिच्या रागाचा फोटो होय." पुढे 'प्रतिबिंब' आलं. त्या आठवड्यात गुरुजी चिखलानं भरलेल्या पायजम्यात वर्गात आले. स्कूटरच्या आरशात मागचा रस्ता आणि आपला चेहरा एकत्र येतो का, हे चालत्या स्कूटरवर पाहता पाहता ते थेट रस्त्याकडेच्या बांधीत, रोवलेल्या धानात गेले होते. कोपर खरचटलं होतं, चष्म्याची काडी वाकली होती. पण कॅमेरा त्यांनी हात वर धरून वाचवला होता. "ज्याचं धान तुडवलं, त्यानं शिव्या देल्या," त्यांनी आनंदानं सांगितलं, "पण फोटो आला!"

आम्हाला ते फार आवडायचे, हे सांगायलाच हवं. पुढचं सांगताना ते विसरलं जायला नको.

सरांनी आम्हाला शिकवलं होतं की समोरच्याला कळू न देता काढलेला फोटो सगळ्यांत जिवंत. आमच्यापैकी कोणाला ते नीट जमत नसे, माणसं लगेच केस सारखे करायची. गुरुजींना मात्र ते पहिल्या दिवसापासून जमलं. ते कॅमेरा छातीवर धरायचे, तोंड दुसरीकडे वळवायचे, कोणाशी तरी पाऊसपाण्याचं बोलत राहायचे आणि बोट आपलं काम करायचं. वर्ग सुटल्यावर खालच्या टपरीवर चहा पिताना त्यांनी मला त्यामागचं कारण सांगितलं.

"शाळेत असताना मी थेट वर्गात जात नव्हतो, स्वाती. बाहेर खिडकीपाशी उभा राहून आधी पाहत होतो. कोण कोणाची पाटी पुसते, कोण कोणाले डब्यातलं देते. मास्तर आत गेला का सारेच शहाणे होतात. खिडकीतून दिसते तेच खरं पोरगं." मग घोट घेऊन म्हणाले, "फोटोचंही तसंच आहे. माणसाले सांगतलं का फोटो काढतो, का तो माणूस निघून जाते. मागं राहते ते नुसतं थोबाड."

हे वाक्य आम्ही वर्गात किती दिवस एकमेकांना ऐकवत होतो.

मग एका आठवड्याचा विषयच 'नकळत' हा आला. लग्नसराईचे दिवस होते. गुरुजी सानगडीला कोण्या ओळखीच्या घरच्या लग्नाला गेले आणि तिथून तो फोटो घेऊन आले.

सरांनी तो भिंतीवरच्या पडद्यावर लावला. आंब्या-जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, पानांतून खाली उतरलेले उन्हाचे तुकडे, जमिनीवर बसलेल्या बायकांची पंगत. सगळ्या जेवणात, बोलण्यात. त्यांच्यामध्ये एक चाळिशीची बाई. डाव्या हातानं तिनं पदर किंचित उचललेला आणि उजव्या हातानं बुंदीनं भरलेला पानाचा द्रोण त्या पदराखाली सरकवत असलेली. मान सरळ, नजर मात्र बाजूला, वाढपी कुठं आहे ते पाहणारी. उन्हाचा एक तुकडा नेमका त्या द्रोणावर पडला होता आणि बुंदी सोन्यासारखी पेटली होती.

सर पडद्याजवळ गेले. "गुरुजी," ते म्हणाले, "मी एवढी वर्षं फोटो काढतो, मला असा मिळाला नाही." मग त्यांनीच त्याला नाव दिलं, 'भूक'. आम्ही टाळ्या वाजवल्या. गुरुजी उभे राहिले, चष्मा काढून पुसला आणि परत बसले.

पुढे तो फोटो भंडाऱ्यातल्या एका प्रदर्शनात लागला. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. गुरुजींना शाल मिळाली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला. कोणी त्याखाली कविता लिहिली, कोणी मागे रडकं संगीत लावून स्टेटसला ठेवला. गुरुजी भेटेल त्याला फोन दाखवायचे. औषधाच्या दुकानात, बसमध्ये, दाढी करणाऱ्या माणसाला. मुलानं नागपूरहून अभिनंदनाचा फोन केला तेव्हा काकूंच्या सांगण्याप्रमाणे गुरुजी त्यावर बोलताना अंगणात गोल गोल फिरत होते.

एका संध्याकाळी वर्ग चालू असताना जिना चढून एक मुलगी दारात आली. कॉलेजची बॅग खांद्याला, ओढणी घामानं ओली. ती आत आली नाही. तिथूनच तिनं विचारलं, "तो पंगतीचा फोटो कोणी काढला?"

सर हसले. कोणी मुलाखत घ्यायला आलं असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी गुरुजींकडे हात केला. गुरुजी सवयीनं उभे राहिले.

"ती माझी आई आहे," मुलगी म्हणाली.

खालून एक ट्रक गेला. काचा वाजल्या आणि थांबल्या.

"मी प्राची. सानगडीची," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो फोटो पाहून आमच्या घरी गाडी घेऊन माणसं आली. कोणत्या तरी मंडळाची. तांदूळ, दाळ, तेल घेऊन. आई म्हणे, आमच्याकडे आहे जी, आमची धानाची शेती आहे. तर ते म्हणाले, ताई, लाजू नका. तिच्या हातात पिशवी देली अन् फोटो काढला. सारी गल्ली पाहून राहिली होती. बाबा शेतातून आले, तेव्हापासून कोणाशी बोलले नाहीत." ती थांबली. "लाखांदूरहून मले पाहाले पाहुणे येणार होते. त्यांनी निरोप पाठवला, सध्या राहू द्या. मले लग्नाची घाई नाही. पण आई रडली."

"बेटा..." गुरुजी म्हणाले.

"तुम्ही तिले चौथीत शिकवलं आहे, गुरुजी. निर्मला नाव आहे तिचं. त्या लग्नात आल्या आल्या ती तुमच्या पाया पडली. तुम्ही कॅमेऱ्यात पाहून राहिले होते. सुखी राहा म्हटलं, अन् वर पाहिलं नाही."

एवढं बोलून ती निघून गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. गुरुजी उभेच होते. सर "गुरुजी, बसा" म्हणाले, तेव्हाही ते उभेच राहिले. त्यांचे हात पहिल्यासारखेच बाजूला सरळ होते, पण बोटं सदऱ्याचं टोक चुरगाळत होती. मी इतक्या मोठ्या माणसाला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. "स्वाती, सानगडीले जायचं आहे. सोबत येशील का? एकट्यानं माहे पाय चालून नाही राहिले."

आम्ही एसटीनं गेलो. गुरुजींनी कॅमेरा आणला नव्हता. रस्ताभर ते आठवत होते. लाखांदूरकडच्या एका लहान गावातली शाळा, तिथला चौथीचा वर्ग. एकेक पोराचं नाव घ्यायचे आणि मान हलवायचे. साकोली मागे पडल्यावर अचानक म्हणाले, "होती. तिसापर्यंत पहाडे न अडखळता म्हणे. आवाज मोठा होता तिचा. सानगडीले देली तिले, हे मले ठाऊक नव्हतं."

निर्मलाताईंचं घर साधं आणि स्वच्छ होतं. ओसरीत माणसाएवढी उंच, शेणानं सारवलेली, धान साठवायची ढोली होती. ढोलीला टेकून एका मंडळाचं नाव छापलेली पिशवी, गाठ न सोडलेली. आम्हाला पाहून त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, हात पदराला पुसले आणि वाकल्या. गुरुजींनी घाईघाईनं पाय मागे घेतले.

"नको, निर्मला."

"नाव आठवलं जी तुम्हाले?" त्या हसल्या. हसू ओठांपर्यंतच आलं. "बसा. चहा ठेवते."

"चहा नको. मी..." गुरुजींनी घसा खाकरला. बसमध्ये त्यांनी काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, मला कळत होतं. त्यातलं काही निघालं नाही. "मी तुले ओळखलं नाही, बाई. एवढ्या जवळून फोकस केला, अन् ओळखलं नाही."

"कशी ओळखसाल? तेव्हा दोन वेण्या घालत होती मी."

त्यांनी चहा ठेवलाच. कप हातात आल्यावर गुरुजींनी विचारलं, "घरी कोणी आजारी होतं काय? नाही, म्हणजे... कोणासाठी नेली असशील, तर..."

मी मनातून चरकले. त्यांना एखादी आजारी सासू हवी होती, अंथरुणावरची. म्हणजे निदान तो फोटो खरा ठरला असता.

"कोणासाठी नाही," निर्मलाताई म्हणाल्या. "माह्यासाठीच नेली. मले बुंदी आवडते. घरी करते कोण? रात्री साऱ्यांचं आवरल्यावर चुलीपाशी बसून खाल्ली. प्राचीले बी नाही देली." आणि मग, पहिल्यांदाच जरा चिडून, "आमच्या घरी भूक नाही, गुरुजी. ही ढोली पाहा. असं नाव काहून देलं तुम्ही?"

"नाव सरांनी..." गुरुजींनी सुरुवात केली आणि जीभ चावली. "माह्या नावानं लागलं. म्हणजे मीच देलं."

त्यांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी शाळेत एकदा खडू चोरला होता. रंगाचा. तुम्हाले आठवत नसेल. तुम्ही मले वर्गात काही नाही म्हणलं. बाहेर चिंचेखाली नेलं, अन् हळूच सांगतलं. कोणाले पत्ता नाही लागला. घरी गेल्यावर मी मायले म्हणलं होतं, आमचे गुरुजी कोणाची फजिती नाही करत." कप गोळा करता करता त्यांनी पुस्ती जोडली, "मी प्राचीले बी हेच सांगत होती. ते तसे नाहीत म्हणून. तिनं ऐकलं नाही, तुमच्या वर्गात गेली."

गुरुजींच्या कपातला चहा तसाच होता. त्यांनी तो एका घोटात संपवला आणि हात जोडले. मीच "येतो ताई" म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसून होते. लाखनी जवळ आल्यावर म्हणाले, "मी खिडकीपाशी उभा राहत होतो ना, त्या पोरांले वाटत असेल का, कोणी पाहून राहिलं म्हणून?"

त्यानंतर गुरुजींनी जे केलं ते पाहून लोकांनी त्यांना थोडं येडं ठरवलं. ज्या ज्या ठिकाणी त्यांनी तो फोटो मिरवला होता, तिथं तिथं ते पायी गेले. औषधाचं दुकान, सलून, पतसंस्था, जुन्या सहकारी शिक्षकांची घरं. "तुमच्या फोनमधून तो फोटो काढून टाका. माह्यासमोर टाका." लोक म्हणायचे, "गुरुजी, एवढा भारी फोटो, अन् पुसता कायले?" कोणी पुसल्यासारखं करायचं. एका सलूनवाल्यानं पुसला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बायकोच्या स्टेटसला तो परत दिसला. गुरुजींनी ग्रुपवर विनंती लिहिली, तर उत्तरादाखल हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि कोणीतरी 'सर, तुमच्या मोठेपणाला सलाम' असं लिहून खाली पुन्हा तोच फोटो टाकला. गुरुजी फोन हातात घेऊन माझ्याकडे आले होते. "हे काय करून राहिले हे लोक?" त्यांनी विचारलं. लहान मुलासारखं विचारलं.

कोर्स संपत आला होता. शेवटी प्रत्येकानं स्वतःच्या मनाचा एक विषय घेऊन फोटोंची मालिका करायची आणि भंडाऱ्यात सगळ्यांचं मिळून प्रदर्शन, असं ठरलं होतं. माझी मालिका एसटी स्टँडवरच्या बायकांची होती, दुसऱ्या एकाची सारस पक्ष्यांची. गुरुजी काय करताहेत ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, त्यांनी सोडून दिलं असेल.

प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी एकच फोटो आणला. मोठा, चौकटीत. पुतण्याच्या लग्नातली पंगत, आणि पंगतीत बसलेले खुद्द गुरुजी, सदऱ्याच्या आत बुंदीचा द्रोण सरकवताना. तिपाईवर कॅमेरा ठेवून, टायमर लावून काढलेला. त्यांची नजर थेट कॅमेऱ्यात होती. खाली त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'मी, शालिकराम कापगते. एका लेकीची परवानगी न घेता मी तिचा असा फोटो काढला आणि त्यावर बक्षीस घेतलं. आता माझ्याकडे पाहा.'

मला तेव्हा ते फार थोर वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. लोक फोटोसमोर उभे राहून डोळे पुसत होते. सरांनी गुरुजींना मिठी मारली. एका पत्रकारानं त्यांना प्रश्न विचारले, गुरुजींनी प्रामाणिकपणे उत्तरं दिली, निर्मलाताईंचं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात अर्ध्या पानाची बातमी होती. 'निवृत्त गुरुजींचे अनोखे प्रायश्चित्त.' आणि वाचकांना नीट समजावं म्हणून दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापले होते. डावीकडे गुरुजी, उजवीकडे निर्मलाताई. त्यांचा चेहरा पहिल्यापेक्षा मोठा.

फोटो परत फिरू लागला. या खेपेला गुरुजींचं कौतुक जास्त होतं. कोणीतरी त्यांना व्याख्यानाला बोलावलं, कोणी सत्काराची तारीख मागितली. तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर प्राचीचा आवाज आला. रागाचा नव्हता, दमलेला होता. "ताई, गुरुजींना सांगा. आई म्हणते, आता पुरे करा."

मी निरोप घेऊन गेले तेव्हा गुरुजी अंगणात खाटेवर बसले होते. बाजूला पेपर घडी करून ठेवलेला. मी जसं होतं तसं सांगितलं. आतला काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला. गुरुजी म्हणाले, "मले वाटलं, मी तिच्या बाजूले जाऊन बसतो. पण मी तिलेच पुन्हा साऱ्यांसमोर आणून बसवलं. अन् शाल मले."

"तुमचा हेतू तसा नव्हता, गुरुजी."

"पहिल्या खेपेला तरी कुठं होता?" ते म्हणाले.

ते परत वर्गात आले नाहीत. प्रमाणपत्रं द्यायची वेळ आली तेव्हा सर स्वतः त्यांच्या घरी गेले. मी सोबत होते. सरांना पाहून गुरुजी खाटेवरून उठले, हात बाजूला सरळ करून उभे राहिले. सरांनी कागद पुढे केला. "सर, मी नापास आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. सर म्हणाले, मग मीही आहे, नाव तर मी दिलं होतं. गुरुजींनी मान हलवली. "तुम्ही तिले शिकवलं नव्हतं, सर." सरांनी कागद खाटेवर ठेवला. गुरुजींनी तो उचलला नाही आणि परतही दिला नाही. आम्ही निघालो तेव्हा तो तिथंच वाऱ्यानं हलत होता. काकूंनी त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला.

व्याख्यानाची, सत्काराची सगळी आमंत्रणं त्यांनी नाकारली. कॅमेरा मुलानं नागपूरला परत नेला. लाखनीच्या रस्त्यावर कोणी हटकलं, "काय गुरुजी, फोटो बंद?" तर ते "हो, बंद" एवढंच म्हणायचे आणि चालायला लागायचे.

प्राचीचं लग्न पुढच्या वर्षी जमलं. लाखांदूरच्या त्या पाहुण्यांनी पुन्हा निरोप पाठवला होता, पण आता तिनंच नकार दिला. लग्न ठरलं तो मुलगा साकोलीकडचा होता. निर्मलाताईंनी फोटोचं काम मला दिलं. "सारे काढजो," त्या फोनवर म्हणाल्या, "पंगतीचे तेवढे नको." मी बरं म्हणाले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "गुरुजी घरी आहेत ना? पत्रिका द्याले प्राचीचे बाबा स्वतः जाणार आहेत."

गुरुजी येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले. मांडवात न येता बाहेर रस्त्याच्या कडेला, उन्हात उभे होते, काकूंच्या मागे. वर्षभरात अंगानं बरेच उतरले होते. अक्षता झाल्या, लोक स्टेजवर फोटोला येऊ लागले. घरच्यांचा फोटो घ्यायची वेळ आली. नवरा-नवरी, निर्मलाताई, त्यांचे यजमान, दीर, जावा, पोरंसोरं. मी सगळ्यांना जवळ सरकवत होते, तेवढ्यात निर्मलाताई रांगेतून बाहेर आल्या, स्टेजच्या कडेला गेल्या आणि मोठ्यानं हाक मारली, "गुरुजी! या ना फोटोत."

मांडवातली माणसं वळून बघू लागली. त्यातल्या बऱ्याच जणांना सगळं माहीत होतं. गुरुजींनी हातानं नको, नको केलं. निर्मलाताई तिथून हलल्या नाहीत. शेवटी काकूंनी त्यांच्या पाठीला हात लावला आणि ते आले. त्या सगळ्या माणसांमधून, खाली बघत, पायरी चाचपत वर चढले आणि रांगेच्या अगदी टोकाला, जावांच्याही पलीकडे उभे राहिले. प्राचीनं मान वळवून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि परत समोर बघितलं.

"सगळ्यांनी इकडे पाहा," मी म्हणाले. सगळ्यांनी पाहिलं. "गुरुजी, वर पाहा." त्यांनी हनुवटी हलवली, पण मान वर आली नाही. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची मला हिंमत झाली नाही. मी बटण दाबत राहिले. फोटो झाल्यावर त्यांनी नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवला, दोघांना नावानं आशीर्वाद दिला आणि जेवणाआधीच काकूंना घेऊन निघून गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. ते आणि काकू आता नागपूरला मुलाकडे असतात.

अल्बम घेऊन मी सानगडीला गेले तेव्हा घरच्यांचा तो फोटो दाखवताना मीच अवघडले. सगळे हसून समोर पाहताहेत आणि टोकाला एक म्हातारा माणूस हात बाजूला सरळ करून, मान खाली घालून उभा. प्रत्येक फोटोत तसाच. मी म्हणाले, "ताई, मोठा करायचा असेल तर कडेचा भाग कापून देते. गुरुजींचा चेहरा नीट आला नाही."

निर्मलाताईंनी अल्बम मांडीवर घेतला. फोटोवरून हात फिरवला. टोकाला, गुरुजींपाशी, तो थांबला.

"मोठाच कर," त्या म्हणाल्या. "भिंतीवर लावायचा आहे. जागा कमी पडली तर इकडून कापजो, माह्या दिराकडून. गुरुजीले नको कापू."